अर्धी फुली

टाका घालून झाला, सुई पुन्हा कापडात टोचली, करंगळीनं जागा दाबून सपाट केली, आणि मग सुमेधाला कळलं की आपण टाका घातला. हे उलट्या क्रमानं झालं असतं, म्हणजे आधी कळलं असतं आणि मग हात हलला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण हात हा माणसाच्या आधी जन्मलेला प्राणी आहे, तो विचारून काही करत नाही. समोर पांढऱ्या फोमच्या पाटावर लिननचं एक पिवळट कापड पसरलेलं होतं. फीबी नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीनं ते एकशे नव्वद वर्षांपूर्वी भरलेलं. वर तीन ओळी एबीसीडीच्या, खाली आकडे, मग एक घर, घराच्या दोन बाजूंना दोन झाडं, घराहून मोठा एक पक्षी, आणि अगदी तळाशी मुलीचं नाव आणि 'हिचं काम' अशा अर्थाचे दोन शब्द. त्यातलं शेवटचं अक्षर अपुरं होतं. सात फुल्यांची एक उभी काठी आणि तिच्या अंगाला आठवी फुली, तीही अर्धी, एकच तिरकी रेघ. तिथंच दोरा ओवलेली सुई. घरच्यांची गोष्ट अशी की पोर भरता भरता तापानं पडली ती उठलीच नाही, आणि आईनं सुई होती तशी ठेवून वर काच बसवली. पुढच्या सहा पिढ्यांनी त्या सुईची सेवा केली. वर्षातून एकदा, फीबीच्या वाढदिवशी, घरातली थोरली बाई काच काढून सुई हलकेच ओढून घेई, मेणावर घासे म्हणजे गंज धरत नाही, आणि परत त्याच भोकात ठेवून देई. त्यांतल्या एकीनंही, आज कापड घेऊन आलेल्या आर्लीननंही, कधी टाका घातला नव्हता. तो घातला मूळच्या इस्लामपूरच्या, हल्ली मुक्काम अमेरिकेतलं नोव्हाय, वय वर्षं सदुसष्ट, सुमेधा वाळिंबे यांनी. शनिवारी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी, ॲन आर्बरपासून अर्ध्या तासावरच्या एका गावाच्या लायब्ररीच्या तळघरात, हात साबणानं धुऊन, बांगड्या काढून, मंगळसूत्र स्वेटरच्या आत सेफ्टी पिनेनं अडकवून, म्हणजे सगळे नियम पाळून.

नियम बरेच होते. शाईचं पेन आणायचं नाही, पेन्सिलच. कॉफी वरच्या मजल्यावर. कापडावर वाकताना बोलायचं नाही, थुंकी उडते. लोकांच्या माळ्यावर, कपाटामागे, आजीच्या पेटीत अशी मुलींनी भरलेली नमुन्याची कापडं पडलेली असतात, सॅम्प्लर म्हणतात त्यांना. त्यांना ऊन खातं, उंदीर खातात, आणि एखादी सून गराज सेलमध्ये जुन्या सामानाबरोबर देऊन टाकते. म्हणून केयाच्या मंडळींनी गावोगाव जायचं ठरवलं होतं. लोकांनी कापड घेऊन यायचं, यांनी दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, धागे मोजायचे, टाके ओळखायचे, कागदावर सगळं उतरवायचं आणि तीन वाजता कापड ज्याचं त्याला परत. केया ही नोव्हायच्या नरेंद्रभाऊंची मुलगी, इथंच जन्मलेली, मराठी बोलताना क्रियापदापाशी येऊन धापा टाकणारी; पण जुन्या कापडांतली डॉक्टर. तिनंच सुमेधाला गेल्या थंडीत ओढून आणलं होतं. "मावशी, तू टाके बघून ओळखतेस, आम्ही बुक बघून ओळखतो," असं ती म्हणाली होती, आणि सुमेधाला अमेरिकेत आल्यापासून एकतीस वर्षांत इतकं बरं कुणी काही म्हटलं नव्हतं. नवऱ्याला, शैलेंद्रला, गाड्यांच्या कंपनीनं निवृत्त होताना घड्याळ दिलं होतं. सुमेधाला कशातून निवृत्त व्हायला काही नव्हतंच. आता दर शनिवारी ती डबा घेऊन कामाला जायची, गळ्यात नावाची पट्टी घालायची, आणि ती पट्टी घरी आल्यावरही चहा होईपर्यंत काढायची नाही.

आणि आता ही पट्टी जाणार. पहिला विचार हा आला, फीबीचा नाही, कापडाचा नाही, पट्टीचा. आणि त्या विचाराची तिला लाज वाटली, मग लाज वाटायला आपल्याला वेळ आहे याची लाज वाटली.  तळघराच्या उंच खिडकीतून मार्चचा मळका बर्फ दिसत होता आणि त्याच्यावरून कुणाचे तरी बूट चालत गेले, नुसते बूट, माणूस नाही. तिला आठल्येबाई आठवल्या. शाळेत शिवणाच्या तासाला आठल्येबाई मुलींना वीतभर मांजरपाटावर धावदोरा, उलटी टीप, साखळी, काज, रफू, आणि सर्वांत शेवटी फुलीचा टाका घालायला लावत. फुलीचा त्यांचा एक कायदा होता: घंटा झाली, भूकंप झाला, घरून माणूस बोलवायला आला, तरी अर्ध्या फुलीवर उठायचं नाही. अर्धी फुली टाकून उठलेल्या मुलीला त्या दुसऱ्या दिवशी शंभर अर्ध्या फुल्या घालायला लावत आणि मग त्या उसवायला लावत. सुमेधानं पन्नासहून जास्त वर्षं हा कायदा पाळला. फुलीपायी तिचं दूध उतू गेलं होतं, नोव्हायच्या घरात धुराची घंटा वाजून आगीचा बंब आला होता, आणि बंबवाल्यांना तिनं बोटानं 'एक मिनिट' अशी खूण केली होती. ही गोष्ट ती दिवाळीच्या फराळाला सांगे तेव्हा बंब तीन असत. तिच्या आत्यानं भरलेल्या टेबलक्लॉथची लांबीही दर दिवाळीला हातभर वाढत जाई. लोक हसत. शैलेंद्र खाली मान घालून चकली मोडत बसे.

तेव्हा थापा तिला परक्या नव्हत्या, आणि त्या आल्याच, शेपटी हलवत, न बोलावता. एक: बाई, मी भिंग लावलं तेव्हाच फुली पुरी होती, तुमच्याच कुणाच्या तरी हातून मेण लावताना झाली असेल. दोन: सुई घसरली, मी सावरायला गेले. तीन नंबरची थाप तर इतकी देखणी होती की क्षणभर तिला हेवा वाटला: रेशीम थंडीत आक्रसतं आणि उबेत सैल होतं, खाली हीटर आहे, अर्धा टाका आपोआप ओढला गेला असेल, आमच्याकडे पैठणीत होतं असं. हे ऐकून इथल्या लोकांनी माना डोलावल्या असत्या. आमच्याकडे होतं असं म्हटलं की ते काहीही ऐकून घेतात. पण कापडाच्या डाव्या अंगाला ठेवलेला केयाचा कॅमेरा तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या पोटात सकाळी अकरा वाजता काढलेला फोटो होता, त्यात केस मोजता येतील इतकी स्पष्ट अर्धी फुली. थापा बसल्या जागी मेल्या. तिनं भिंग उचललं. निदान आपला टाका कुठला ते तरी नीट बघून घेऊ, एवढंच तिच्या मनात होतं. चोरानं चोरलेली वस्तू एकदा उजेडात धरून बघावी, तसं.

भिंगाखाली तिची फुली दिसली. ताणही बरोबर, ना सैल ना आवळलेला. फुलीत दोन तिरक्या रेघा, एकीवर दुसरी. वरची रेघ उजवीकडे चढणारी. तिच्या आधीची, काठीतली, तीही तशीच. त्याच्या वरची तशीच. सात आणि एक आठ, सगळ्यांची वरची रेघ उजवीकडे चढणारी. भिंग पुढे सरकवलं, तर त्या आधीच्या अक्षरात वरची रेघ डावीकडे चढत होती. त्या आधीच्याही. नावभर डावीकडे. घर, झाडं, तो मोठा पक्षी, आकडे, तिन्ही एबीसीडी, हजारो फुल्या, एकूण एक डावीकडे चढणाऱ्या. फक्त शेवटच्या आठ उजवीकडे. आणि उजवीकडे म्हणजे आठल्येबाईंच्या. म्हणजे सुमेधाच्या.  एक टाका घातल्याचं तिला घालून झाल्यावर कळलं होतं. मग सात घातल्याचं कधी कळायचं होतं? किती वेळ आपण इथं बसलोय? घड्याळात एक पन्नास. केया वरती कधी गेली? दीड की एक? सात फुल्या म्हणजे कितीसा वेळ, पाच मिनिटं, सात मिनिटं. दूध उतू जाण्याइतकी. माणसाच्या हातून अशी पाच मिनिटं गळून पडू शकतात हे तिला माहीत होतं, कारण एकदा तिच्या हातून एक अख्खी दुपार गळून पडली होती.

ती दुपार रत्नाची. रत्ना धाकटी बहीण, सातवीत, विषमज्वरानं तीन आठवडे अंथरुणाला खिळलेली, आणि तिचं शिवणाचं कापड परीक्षेला अर्धंच राहिलेलं. सुमेधा बसली आणि उठली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि कापड पूर्ण होतं. आठल्येबाईंनी त्याला पहिला नंबर दिला. ही गोष्टही फराळाच्या गोष्टींत होती; तिच्या शेवटी रत्ना सुमेधाच्या गळ्यात पडून रडे आणि ऐकणाऱ्या बायकांचे डोळे पाणावत. झालं होतं ते वेगळंच. रत्ना बरी झाली, भिंतीला धरून उठायला लागली, आणि एका सकाळी मागच्या पायरीवर बसून तिनं सुईच्या टोकानं सुमेधाचा एक-एक टाका उसवला. सगळे ओळखले तिनं, एकही चुकली नाही. "माझं वाकडं होतं ते माझं होतं," एवढंच म्हणाली, आणि भोकं पडलेलं ते कापड घेऊन बाईंकडे जाऊन नंबर परत करून आली. सुमेधानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं असंही नाही. इतक्या वेळा दुसरं सांगितलं होतं की हे तिलाही अंधुक झालं होतं. आता ते तळघराच्या ट्यूबलाइटखाली लख्ख उभं राहिलं, रत्नाच्या ज्वरानं गळालेल्या केसांसकट.

तिनं कॅमेऱ्याचं बटण दाबलं. हात लावायची परवानगी नव्हती, पण आता एका गुन्ह्यावर दुसरा. सकाळचा फोटो. मोठा केला, अजून मोठा. शेवटचं अक्षर. काठी होती. एक, दोन, तीन, सात. सातही होत्या आणि सातही उजवीकडे चढणाऱ्या. आठवीची एकच रेघ. सुमेधाच्या तोंडून असा श्वास गेला की कापडावर पडू नये म्हणून तिला मान वळवावी लागली. सात आपल्या नाहीत. देवा, सात आपल्या नाहीत. आणि ती सुटका अर्धा मिनिट पुरली असेल नसेल, तेवढ्यात तिला कळलं की मग त्या फीबीच्याही नाहीत. फुली घालणाऱ्याची वरची रेघ बदलत नाही. अक्षराचं वळण बदलेल, चालणं बदलेल, पण ती रेघ नाही. नऊ वर्षांची पोर हजारो वेळा डावीकडे चढून शेवटच्या अक्षराला उजवीकडे चढत नाही, तापात तर नाहीच. पोर आधीच्या अक्षरावर थांबली होती. कुणीतरी दुसऱ्यानं सुई उचलली होती. एकच अक्षर राहिलं होतं. त्या कुणीतरीनं काठी घातली, सात, एकाखाली एक, बाजूची पहिली अर्धी घातली, आणि मग तिला पुढं जाता आलं नाही. सुई जागच्या जागी ठेवली आणि काच बसवली. काच कुणी बसवली ते तर घरचेच सांगत होते.

तिथं, अगदी तिथं, सुमेधानं बोट घातलं होतं. मुलीच्या नाही, त्या बाईच्या थांबण्यात. 

केया जिन्यावरून आली ती बडबडत. "मावशी, वरती एक काका आलेत, त्यांनी कुशन आणलंय, नाइन्टीन-एटीजचं, आणि मला म्हणतायत की कलोनियल आहे. ऐक ना, तू लंच केलंस?"

"केया, मी फुली पुरी केली."

"कुठली?"

"शेवटची."

केया हसली. मग कापडाकडे बघितलं, मग भिंग घेतलं. भिंगावर तिच्या श्वासाची वाफ आली. "नो," ती म्हणाली. "मावशी, नो. तू नाही केलंस."

"केलं."

"पण का? म्हणजे, व्हाय वुड यू... तू तर सगळ्यांना ओरडतेस, ग्लासला हात नका लावू म्हणून."

"हातानं केलं. मी नंतर आले."

केया स्टुलावर बसली.  मग ती अगदी हळू इंग्रजीत म्हणाली की या प्रोजेक्टला पुढच्या वर्षी कुणी कापड देणार नाही. मग मराठीत म्हणाली, "तुझी पट्टी दे." सुमेधानं गळ्यातून काढून दिली. केयानं ती हातात घेतली आणि तिचं काय करायचं ते न कळून स्वतःच्या खिशात ठेवली.

"आणखी एक आहे," सुमेधा म्हणाली, आणि भिंग तिच्या हातात देऊन तिनं फुल्या दाखवल्या, आधी नाव, मग काठी. केयानं दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघताना भिंग अगदी कापडापाशी आणलं. "ओह माय गॉड," ती म्हणाली. "आम्ही फोटो काढला, काउंट केलं, मी स्वतः काउंट केलं, आणि मला दिसलं नाही." आणि मग, लगेच, "हे सांगितलं तर आर्लीनची स्टोरी जाते."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर आपण कशाला येतो इथं, यार," केया स्वतःशीच म्हणाली.

आर्लीन फीबीच्या धाकट्या भावाच्या वंशातली, एक्क्याऐंशी वर्षांची, उंच, लाल कोट अंगातून न काढलेली. ती तीनला पाच मिनिटं असताना खाली आली. केयानं खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. सुमेधानं सगळं सांगितलं. तिची इंग्रजी एरवी अडखळायची. आज एकही शब्द शोधावा लागला नाही, कारण सजवायचं काही नव्हतं. आर्लीननं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठला?" सुमेधानं पेन्सिलीच्या टोकानं हवेतूनच दाखवला.

"मी चौतीस वर्षं शाळेची बस चालवली," आर्लीन म्हणाली. "खोटं बोलणारं पोर मला आरशात मागच्या सीटवरचं दिसायचं. तू खोटं बोलत नाहीस. बोलली असतीस तर मला सोपं गेलं असतं."

मग सुमेधानं त्या सात फुल्या दाखवल्या. या वेळी आर्लीन बसली. भिंग तिनं डोळ्याला न लावता पोटाशी धरलं, जणू ते तिला कुणी सांभाळायला दिलं होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. "मेण लावताना आम्ही 'सॉरी, बाळा' म्हणतो," ती शेवटी म्हणाली. "माझी आई म्हणायची. तिची आई म्हणायची. म्हणजे एकोणचाळीस वर्षं दर मे महिन्यात मी चुकीच्या बाईला सॉरी म्हणत होते."

आर्लीननं भिंग पाटाच्या कडेला ठेवलं.

"काढ तो," आर्लीन म्हणाली.

"मिस आर्लीन," केया मध्ये पडली, "एकदा घातलेलं आम्ही काढत नाही. रेशीम खूप जुनं आहे, उलटं ओढताना तुटलं तर, मग सगळंच..."

"कापड माझं आहे, पोरी. आणि हात तिचा. जिनं घातला तिनं काढायचा."

सुमेधानं पुन्हा हात धुतले. सुई दोऱ्याच्या बाजूनं मागं न्यायची होती, नेढं पुढं करून, आलेल्या वाटेनं, त्याच भोकातून. आयुष्यात तिनं कापडात सुई घालताना कधी श्वास रोखला नव्हता, काढताना रोखला. दोरा सरकला. भिंगाखाली तो लोंबता दिसला, मग ताणला गेला, मग वरची रेघ गेली आणि खालची तेवढी उरली, एकटी, तिरकी. कापडाचे धागे जरा फाकले होते, ते बोटाच्या पेरानं तिनं मिटवले. पुरते मिटले नाहीत. सुई होती तिथं ठेवताना तिचा हात एकदा पुढं झाला, आपण होऊन, आणि या वेळी तिनं तो दुसऱ्या हातानं मनगटाशी धरला. तो थरथरत होता. अशा थरथरत्या हातानं कुणी फुली पुरी करू शकलं नसतं, हे तिला त्या क्षणी बोटांत कळलं, डोक्यात नाही. आर्लीननंही ते बघितलं आणि दुसरीकडे मान वळवली.

केयानं नवा फोटो काढला. मग कागद पुढं घेतला. तक्ता मोठा असतो: कापड, धागे, टाके, रंग, आणि वर पहिली ओळ, करणारीचं नाव. तिथं सकाळी फीबीचं नाव लिहिलेलं होतं. त्याच्याखाली केयानं पेन्सिलीनं दुसरी ओळ आखली आणि लिहिलं: शेवटच्या सात फुल्या व एक अर्धी, आई. मग पेन्सिल थांबवून आर्लीनकडे पाहिलं.

"नाव काय तिचं?"

आर्लीननं तोंड उघडलं. ती फीबीच्या बापाचं नाव सांगू शकत होती, तो कुठून कुठल्या गाडीनं आला, किती एकर जमीन घेतली, तापाचं साल, घराच्या चुलीचा आकार, घोड्याचं नाव. घोड्याचं नाव तिनं सांगितलंही. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला. "आम्ही तिला फीबीची आईच म्हणतो," ती म्हणाली. "सगळ्याच जणी. मला वाटायचं मला माहीत आहे." बायबलाच्या पहिल्या पानावर, थडग्यावर, कुठं असेल का, असं केयानं हळूच विचारलं, आणि आर्लीन म्हणाली की बायबल जळालं, आणि थडग्यावर पतीचं नाव आणि पुढं 'यांची पत्नी' एवढंच आहे, बाकीचं बर्फानं खाल्लं.

केयानं त्या रकान्यात लिहिलं: नाव माहीत नाही. खोडरबरानं पुसलं, पुन्हा तेच लिहिलं. मग तक्त्याच्या तळाशी, नंतर झालेले बदल या ओळीपाशी आली आणि पेन्सिल सुमेधापुढं धरली. "हे तुला लिहायला लागेल, मावशी. फुल नेम. रूल आहे. कोणी टच केलं त्याचं पूर्ण नाव."

सुमेधानं लिहिलं. एक टाका, घातला एक वाजून चाळीस मिनिटांनी, काढला तीन वाजून वीस मिनिटांनी. आणि पुढं स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव, राज्य, पिन कोडसकट, एका टाक्यापायी, जो आता कापडात नव्हताच. चौकट पुरेना, अक्षरं बारीक करत तिनं ते समासात उतरवलं. आर्लीन तिच्या खांद्यावरून वाकून ते लांबलचक नाव वाचत होती, ओठ हलवत, एकेक अक्षर लावत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून.